भिंतीवरची मखमल कुंडीत आणताना

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की शाळेच्या आवाराची भिंत जरा जवळून पाहा. दिवसभर सावलीत राहणारी उत्तरेकडची बाजू असेल तर फारच उत्तम. मे महिन्यात तिथे काळपट डागांखेरीज काही दिसत नव्हते. आता त्याच जागी हिरव्या मखमलीचे तुकडे चिकटवल्यासारखे दिसतील. बोट लावून पाहा. गार आणि मऊ लागेल. हीच मखमल आपल्या कुंडीत, मोगऱ्याच्या बुंध्याभोवती पसरली तर कुंडीला किती शोभा येईल, असे कोणालाही वाटेल.

मलाही वाटले होते. काही वर्षांपूर्वी आंबोलीच्या घाटातून अशा मखमलीचा तळहाताएवढा तुकडा मी उचलून आणला आणि पुण्यात गच्चीवरच्या कुंडीत बसवला. पाऊस थांबल्यावरही पाण्याची हयगय केली नाही. उलट ऑक्टोबरच्या उन्हात दिवसातून तीन-तीनदा, भर दुपारी तर आवर्जून, त्यावर पाणी शिंपडत होतो. दिवाळीपर्यंत तो तुकडा पिवळा पडला आणि पापडासारखा मातीपासून सुटून आला. शेजारच्या पडक्या भिंतीवरचे त्याचे भाईबंद मात्र, ज्यांना कोणी थेंबभर पाणी घातले नव्हते, ते वाळून गेले आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा हिरवेगार झाले. म्हणजे माझ्या तुकड्याला मी तहानेने मारले नव्हते, पाणी पाजून मारले होते! हे कसे घडले ते कळण्यासाठी ही वनस्पती पाणी पिते कशी, ते आधी पाहावे लागेल.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. मराठीत आपण पाण्याच्या टाकीतल्या बुळबुळीत थरालाही शेवाळ म्हणतो आणि भिंतीवरच्या मखमलीलाही शेवाळच म्हणतो. पण या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. टाकीतले ते शैवल. त्याला खोड नाही, पाने नाहीत. भिंतीवरच्या मखमलीकडे भिंगातून पाहिले तर जंगलच दिसते: बोटाच्या पेरापेक्षाही बुटकी शेकडो रोपे एकमेकांना खेटून उभी असतात, प्रत्येकाला इवलेसे खोड आणि त्याभोवती पाने असतात. शास्त्रीय मराठीत हिला ‘हरिता’ म्हणतात. रोपवाटिकेत गेलात तर ‘मॉस’ या नावानेच मागावे लागेल, म्हणून आपणही येथे तोच शब्द वापरू. तुमच्या पाठ्यपुस्तकात ‘वनस्पती सृष्टीतील उभयचर’ म्हणून ज्या गटाची ओळख करून दिली आहे, त्या ब्रायोफायटा गटातली ही मंडळी.

आंब्याचे झाड किंवा तुमचा मोगरा मुळांनी पाणी शोषतो, नलिकांमधून ते वर चढवतो आणि पानांवरच्या मेणचट लेपामुळे ते जपून वापरतो. मॉसजवळ यातले जवळजवळ काहीच नाही. त्याला खरी मुळे नसतात. जे केसांसारखे धागे असतात ते मूलाभ. त्यांचे मुख्य काम भिंतीला घट्ट धरून ठेवण्याचे. बहुतेक जातींत पाणी वाहून नेणाऱ्या खास नलिका नसतात, आणि पान म्हणाल तर मधली शीर सोडल्यास एकाच पेशीच्या जाडीचे! म्हणून बहुतेक मॉस पाणी पिते ते आपल्या सगळ्या अंगाने. खोड आणि पाने यांच्यामधल्या बारीक फटींतून पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि पाने ते थेट शोषून घेतात. पाहायचे असेल तर वाळलेल्या मॉसचा एक झुबका शाईच्या पाण्याच्या बशीत नुसता टेकवून ठेवा. दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी शाई बाहेरून वर चढताना दिसेल.

अंगाने पाणी पिणारा अंगानेच ते गमावणार, हे ओघाने आलेच. हवा कोरडी झाली की मॉसही त्याबरोबर कोरडे होते. पण येथेच त्याची खरी करामत आहे. मोगऱ्याच्या पानातले बहुतेक पाणी गेले तर ते पान मेलेच. मॉसच्या पुष्कळ जाती मात्र अगदी कुरकुरीत वाळतात, त्यांचे सगळे व्यवहार थांबतात, आणि पाणी मिळाले की पुन्हा सुरू होतात. आपल्याकडच्या भिंतींवर ‘हायोफिला’ नावाचे मॉस खूप आढळते. वाळले की त्याची पाने कडांनी आतल्या बाजूला गुंडाळली जातात आणि सगळा गालिचा काळपट दिसू लागतो. एप्रिलमध्ये त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि भिंगातून पाहत राहा. पाने एकेक करून उलगडतात आणि पाहता पाहता हिरवी होतात. हा खेळ मी कितीदा पाहिला असेल, पण अजून कंटाळा आलेला नाही. वाळण्याप्रमाणे गोठणेही काही जाती सोसतात: अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर दीड हजाराहून अधिक वर्षे गोठून पडलेल्या मॉसला प्रयोगशाळेत ऊब, उजेड आणि ओल मिळताच नवे कोंभ फुटले, असे २०१४ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले.

मग जी वनस्पती इतके सोसते ती माझ्या शिंपण्याने का मेली? याचे उत्तर तिच्या जमाखर्चात आहे.

वाळलेले मॉस भिजते तेव्हा पहिल्या काही मिनिटांत त्याची कमाई नव्हे, खर्च सुरू होतो. वाळण्यात पेशींची आवरणे काहीशी मोडकळीस आलेली असतात. त्यांतून क्षार आणि साखर पाझरून बाहेर जातात. ती डागडुजी करायला ऊर्जा लागते, म्हणून श्वसन एकदम वाढते आणि साठवलेले अन्न जळू लागते. प्रकाशसंश्लेषण पूर्ववत होऊन हा खर्च भरून निघायला आणखी वेळ लागतो. जातीप्रमाणे तो कमीजास्त असतो. पावसाळ्यात मॉस तासन् तास, दिवसेन् दिवस ओले राहते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च फिटून भरपूर शिल्लक उरते. पण भर दुपारी शिंपडलेले पाणी दहा मिनिटांत उडून गेले तर? खर्च झाला, कमाई होण्याआधीच दुकान बंद! असे दिवसातून तीनदा झाले तर भांडवल किती दिवस पुरणार? शिवाय कोरड्या अवस्थेत मॉस जेवढी उष्णता सोसते तेवढी ओल्या अवस्थेत सोसत नाही. दुपारी तापलेल्या कुंडीवर ते ओले करणे म्हणजे चिलखत काढून त्याला रणात उभे करणे होय. पडक्या भिंतीवरच्या मॉसला कोणी उठवले नाही, म्हणून ते वाचले.

यातून कुंडीसाठीचा नियम आपोआप निघतो. मॉसला ओले करायचे तर सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर, आणि असे की ती ओल काही तास तरी टिकेल. ते जमत नसेल तर त्याला खुशाल वाळू द्यावे. अधूनमधून थोडेथोडे पाणी देण्याची मधली वाटच घातक.

मॉसची बाग म्हटली की जपानमधल्या क्योतो शहरातील सायहोजी मंदिराचे नाव घेतले जाते. या बागेला ‘कोकेदेरा’, म्हणजे मॉसचे मंदिर, असेच म्हणतात. मुसो सोसेकी नावाच्या झेन भिक्षूने १३३९ साली ती आखली. गंमत अशी की आज जगभर प्रसिद्ध असलेला तिथला मॉसचा गालिचा त्याच्या आराखड्यात नव्हता! पुढच्या काळात युद्धे झाली, पूर आले, देखभालीला पैसा उरला नाही, आणि झाडांच्या सावलीत, ओढ्याकाठच्या दमट हवेत मॉस आपण होऊन पसरले. आज तिथे त्याचे सुमारे १२० प्रकार आहेत. १९९४ साली या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फार गर्दी होऊ लागल्यामुळे १९७७ पासूनच तिथे आधी अर्ज करून परवानगी घेतल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. आता तिथले माळी काय करतात? गळालेली पाने हलक्या हाताने झाडून काढतात, कारण पानांच्या थराखाली उजेड न मिळून मॉस मरते. आणि मध्येच उगवलेले तण वेचून काढतात. सावली आणि ओल या दोन गोष्टी तिथे मुळातच आहेत. आपल्याला कुंडीभोवती त्याच उभ्या करायच्या आहेत. आपल्या देशातही उत्तराखंडात नैनीतालजवळ खुर्पाताल येथे वन विभागाने २०२० साली मॉसची बाग सुरू केली आहे.

आता आपल्या कुंडीकडे वळू. मॉस मोगऱ्याचे अन्न पळवील अशी भीती बाळगू नका. मातीत खोलवर जाणारी मुळेच त्याला नाहीत. उलट त्याच्या थरामुळे मातीतली ओल टिकते आणि पाणी घालताना माती उडत नाही. मात्र सोबती पाहून निवडावा. नेचे, मनीप्लांट यांसारख्या सावली आणि ओल आवडणाऱ्या झाडांशी त्याचे जमते. निवडुंग किंवा अडेनियमच्या कुंडीत ते लावणे हा विरोधाभास झाला: एकाला सुखी ठेवायचे तर दुसऱ्याला मारावे लागेल. बोन्सायच्या कुंडीत मॉस सुंदर दिसते, पण ते खोडावर चढू देऊ नये. सततच्या ओलीने साल कुजते. रासायनिक खताचे पाणी त्यावर पडू देऊ नये. कूपनलिकेचे दुष्फेन, म्हणजे जड, पाणी असेल तर तेही टाळावे. पाणी उडून जाते आणि क्षार पानांवरच बसतात. पावसाचे पाणी बाटल्यांत साठवून ठेवले तर हा प्रश्न सुटतो.

कुंडी ठेवायला सावलीची जागाच नसेल तर काचेची रुंद तोंडाची बरणी घ्या. लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश ओल्या मातीसह एका बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंगाचे काय व्हायचे ते झाले, पण मातीतून नेचाचे आणि गवताचे रोप उगवले, आणि वरून पाणी न घालता ती जगली. कारण मातीतून उडालेले पाणी काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होते. पुढे याच युक्तीच्या काचपेट्यांतून रोपे जहाजाने जगभर गेली. चीनमधली चहाची रोपे भारतात आली तीही अशाच पेट्यांतून. तळाशी खडे, वर थोडी माती आणि तिच्यावर मॉस, एवढ्यावर बरणीतली बाग तयार होते. बरणी थेट उन्हात मात्र ठेवू नका. आत भट्टी होईल.

मॉस आणायचे कोठून, हा यातला सर्वांत नाजूक प्रश्न. बाजारात ‘मॉस’ म्हणून जे मिळते त्यात पुष्कळदा भलतेच असते. कार्यालयांच्या भिंतींवर सजावटीसाठी लावतात ते ‘रेनडिअर मॉस’ हे मॉसच नव्हे; तो दगडफुलासारखा शैवाक आहे, आणि तोही ग्लिसरिनमध्ये मुरवून रंगवलेला, म्हणजे मेलेला. ‘स्पॅनिश मॉस’ तर अननसाच्या कुळातली फुलझाडाची जात! मला एकदा एका रोपवाटिकेत हिरवा रंग दिलेले वाळके मॉस ‘ताजे’ म्हणून मिळाले. पाण्यात टाकताच बादली हिरवी झाली.

दुसरे मिळते ते स्फॅग्नम. तुमच्या घरी डाळिंबाची किंवा लिंबाची बाग असेल तर हे तुम्ही पाहिलेच असेल. गुटी कलम करताना फांदीची साल गोलाकार काढून तिथे जे ओले शेवाळ गुंडाळतात आणि वरून प्लॅस्टिकचा कागद बांधतात, ते हेच. त्याच्या पानांत जिवंत हिरव्या पेशींच्या मधोमध मोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात. त्यांना बाहेर उघडणारी छिद्रे असतात आणि त्या पाण्याने भरून राहतात. त्यामुळे कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी स्फॅग्नम धरून ठेवू शकते. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडू लागला तेव्हा ब्रिटनमध्ये जखमांवर बांधायला स्फॅग्नमच्या पट्ट्या वापरल्या गेल्या, त्या याच गुणामुळे. थंड प्रदेशांतल्या दलदलीत मेलेले स्फॅग्नम पूर्ण न कुजता थरावर थर साठत जाते आणि त्याचे ‘पीट’ बनते. जगातील जमिनीच्या जेमतेम तीन टक्के भागावर अशा पीटभूमी आहेत, पण जगातल्या सर्व जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक त्यांत साठलेला आहे. ती खणून कुंड्यांत भरली की तो कार्बन हळूहळू हवेत जातो. वेलांना आधार देणाऱ्या ‘मॉस स्टिक’साठी तर स्फॅग्नमची मुळीच गरज नाही. कोकणातल्या नारळाचा काथ्या नळीभोवती घट्ट गुंडाळला की काम भागते. तो ओला मात्र ठेवला पाहिजे. मनीप्लांटची हवाई मुळे ओल असेल तरच त्यात शिरतात, आणि वेल अशा आधाराने वर चढला की त्याची पाने मोठी होत जातात. कोरडी मॉस स्टिक ही नुसतीच काठी.

तिसरा मार्ग माझा, म्हणजे घाटातून उचलून आणण्याचा. तो तुम्ही पत्करू नये. आंबोली, महाबळेश्वर किंवा माथेरानला झाडाच्या बुंध्यावर जो जाड थर दिसतो, त्यातल्या बऱ्याच जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. मी एका झटक्यात काढलेला तुकडा कित्येक वर्षांची कमाई होती. तो थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि त्यात ऑर्किडची बीजे रुजतात. त्यातले पाणी पिळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत तर चक्रधर प्राणी, सूत्रकृमी आणि नशीब असेल तर आठ पायांचे इवलेसे जलअस्वलही दिसेल. मॉस वाळले की जलअस्वलही वाळते आणि त्याच्याबरोबरच पुन्हा जागे होते. मी एकाने तळहाताएवढा तुकडा आणला. कुमाऊंच्या जंगलांतून विक्रीसाठी पोतीच्या पोती उतरवली गेली आहेत. अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती आणणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे. आणि इतके करून ते मॉस शहरात जगत नाहीच: धुक्यात झाडाच्या सालीवर वाढलेल्या जातीला सिमेंटची धूळ, जड पाणी आणि गच्चीवरचे ऊन कसे मानवणार?

तेव्हा आपल्या भिंतीवरचेच मॉस घ्या. त्याला चुना, सिमेंट आणि ऊन यांची सवय आहे. शिवाय दिवाळीपूर्वी रंगकाम निघाले की भिंत खरवडून ते फेकूनच देतात. तेवढे मागून घ्यावे. पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडाही पुरे. कारण मॉसच्या पानाचा किंवा खोडाचा बारीक चुरासुद्धा नवे रोप देऊ शकतो. त्यातल्या पेशींना पुन्हा पहिल्यापासून वाढण्याची क्षमता असते.

कृती सोपी आहे. तुकडा कागदावर सावलीत वाळवून बोटांनी चुरा. पसरट मातीच्या परळात चाळलेली लाल माती दाबून सपाट करा. तिच्यावर चुरा भुरभुरवून हाताने हलकेच दाबा, कारण मातीला टेकल्याशिवाय तो रुजणार नाही. वर मलमलीचे ओले फडके अंथरा आणि परळ सावलीत, पण उजेडात ठेवा. पावसाचे पाणी बारीक फवाऱ्याने द्या. काही आठवड्यांनी हिरवे तंतू दिसू लागतील. कधी कधी मातीवर नुसता हिरवा बुळबुळीत लेप येतो. ते शैवल, त्याला फसू नका. तंतूंवर नंतर कळ्यांसारखे ठिपके येतात आणि त्यांतून पानांची रोपे उभी राहतात. गालिचा म्हणण्याजोगा थर व्हायला एखादा पावसाळा द्यावा लागेल. मग परळातला तुकडा सुरीने उचलून कुंडीत दाबून बसवता येईल.

मॉस वाढवायला त्याचा चुरा ताकात घुसळून भिंतीला फासावा, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. हे खरे की खोटे? मी दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा ताकाच्या परळात मॉसआधी बुरशी हजर झाली. पण दोन परळ म्हणजे काही पुरावा नव्हे. तुमच्या वर्गाने वीस परळ घ्यावेत: दहांत चुरा आणि पावसाचे पाणी, दहांत तोच चुरा वजन करून तेवढाच, पण पातळ ताकात कालवलेला. माती, जागा आणि फडके सारखेच. दर आठवड्याला चौकटीच्या पारदर्शक कागदाने किती चौकटी हिरव्या झाल्या ते मोजा. शिक्षकांनी परळांवर नावे न लिहिता फक्त क्रमांक घातले तर मोजणाऱ्याच्या मनातला कल आकड्यांत शिरणार नाही.

होळीनंतर ऊन वाढू लागेल आणि परळ भराभर कोरडे पडतील. तेव्हा माझ्यासारखे दुपारी शिंपडत बसू नका. त्यांना हवेशीर सावलीत ठेवून वाळू द्या. मॉस आकसून काळपट होईल. घर आवरताना कोणी वाळकी माती म्हणून ते फेकून देऊ नये यासाठी प्रत्येक परळावर तारखेची चिठ्ठी लावा आणि त्यातला एक झुबका रासायनिक तराजूत तोलून वजन वहीत लिहून ठेवा. जूनच्या पहिल्या सरीला परळ बाहेर काढा, घड्याळ लावून बसा, पहिले पान कितव्या मिनिटाला उघडते ते टिपा, आणि तो झुबका भिजल्यावर पुन्हा तोला.